टाकीवरचा हात

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण चालूच असतं. सुरुवात नेहमी पनवेलच्या स्वयंपाकघरातून होते. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर, आणि मी मुंबईहून आणलेला लांबलचक छापील कागद तुमच्या ताटाशेजारी पसरलेला. रासायनिक कारखान्यांसाठी दाबाच्या टाक्या बनवणाऱ्या वर्कशॉपात तुम्ही डिझायनर. पत्रा किती जाड हवा हे आजवर तुमची स्लाइड रूल, ती आकडेमोडीची सरकपट्टी, ठरवायची. या नव्या टाकीचं गणित मात्र वर्कशॉपच्या शेठनी माझ्याकडून, भाड्याच्या कॉम्प्युटरवर करून घेतलं होतं. मी नुकतीच फोर्ट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकले होते आणि ते जगाला दाखवायची मला भारी हौस. यंत्राचं उत्तर तुमच्यापेक्षा एक सूत पातळ आलं. पत्र्याची तेव्हा केवढी टंचाई! शेठ खूश. तुम्ही हातातला घास तसाच ठेवून विचारलंत, "तू जे लिहिलंस, तेच त्या यंत्राने वाचलं?"

"नाही अण्णा. मी सूत्रं लिहायची. कंपायलर ती यंत्राच्या भाषेत उतरवतो."

"म्हणजे मधे दुभाषा आहे. त्याने काय उतरवलं, ते तू वाचलंस?"

"ते कुणीच वाचत नाही. म्हणून तर सगळे ही भाषा घेताहेत."

"आणि टाकी फुटली, तर तो दुभाषा येणार आहे का पनवेलला?"

आई म्हणाली, "जेवू द्या हो तिला." मला असा राग आला की मी ताटावरून उठले. तुमचा प्रश्न रास्त होता, हे कळायला माझ्या हाताखाली माणसं यावी लागली.

शेठनी माझाच आकडा घेतला. टाकी तयार झाली, नारळ फुटला, आणि पाणी भरून दाब चढवायचा दिवस आला. दाबाखाली पत्रा फाटला तर जवळचा माणूस वाचत नाही. तरी तुमच्या वर्कशॉपची रीत अशी, की बाकीचे सगळे मागे, पण ज्याने गणित केलं तो टाकीला तळहात लावून उभा. रीत तुम्हीच पाडलेली आणि तिच्यातून कधी कुणाला सूट नव्हती.

मी पुढे सरसावते. तुम्ही आडवे येता.

"गणित माझं आहे, अण्णा."

"असेल. पण दुभाषा अनोळखी. घरी अनोळखी माणूस आला की दारात आधी बाप जातो."

करंजाड्याचा पंपवाला मला मागे व्हायला सांगतो. "बाय, लांब र्‍हा. सायब हाय ना तिथं." तो पंप मारायला लागतो, गेजचा काटा चढतो, आणि छिद्रं पाडून ज्या कार्डांवर मी यंत्राला गणित दिलं, त्यातलं एकेक कार्ड मी मनातल्या मनात पुन्हा तपासतेय. एखादं छिद्र चुकलं असेल तर? एखादं चिन्ह? काटा लाल रेघेजवळ येतो आणि टाकीकडून 'टक्' असा आवाज होतो.

पंपवाला दांडा सोडून मागे उडी मारतो. "सायब, मागं या! आवाज आयकला नाय का?" सगळे एकदम ओरडतात, मीही काहीतरी ओरडते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघता. हात तिथेच. "चालू ठेव," तुम्ही त्याला म्हणता.

टाकी टिकली. आवाज खालची लाकडी पाचर बसल्याचा होता. "तुझ्या दुभाष्याला सांग, माणूस बरा दिसतोय," एवढंच तुम्ही म्हणालात. पुढे वर्कशॉपची सगळी गणितं फोर्ट्रानमध्ये गेली आणि तुमची स्लाइड रूल खणात. मला ते जिंकल्यासारखं कधीच वाटलं नाही.

त्या दिवशी घरी येताना तुम्ही विचारलंत, "मघाशी काय ओरडलीस गं? गलक्यात कळलं नाही." मी म्हणाले, "चढवा दाब, म्हणाले." तुम्ही केवढे खूश झालात! शेठपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलात, पोरीचा आपल्या गणितावर काय भरवसा आहे म्हणून. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनाही सांगितलंत. मग खरं बोलायची सोयच राहिली नाही. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा लिहिते. मी ओरडले होते, "अण्णा, हात काढा."