प्रस्थान कुणाकडे ठेवायचे

॥ श्री ॥
नागाव, ता. ६ ऑक्टोबर १९३०

ती. रघूदादास, गोदूचा शि. सा. न. वि. वि. इकडील सर्व कुशल. तुझे जर्मनीला जाणे गावात इतके गाजते आहे, की उत्तरे देता देता विहिरीवर माझी घागर रिकामीच राहते. सदा शिंप्याने गरम कोट शिवला, पण बाह्या अशा लांब की तुला तुझी बोटे सापडायची नाहीत. आत्याने मेतकूट, भाजणी नि लिंबाचे लोणचे भरून ठेवले आहे.

आता कामाचे. जोशीबुवांनी मुहूर्त पुढच्या बुधवारचा काढला आणि तू इथून निघणार शनिवारी. म्हणून बुधवारी तुझे धोतर, सुपारी आणि अक्षता यांचे गाठोडे प्रस्थान म्हणून दुसऱ्याच्या घरी ठेवायचे. शनिवारी जाताना तू ते उचललेस की मुहूर्त साधला. ते तिच्या घरी ठेवावे असे आत्याच्या फार मनात आहे. आई गेल्यावर तिनेच तुला वाढवले, आणि तिचे घरही रेवस बंदराच्या वाटेवर. तिने जमीनसुद्धा सारवून ठेवली. पण काका म्हणतात, विधवेच्या घरी प्रस्थान ठेवत नाहीत, केसरवहिनी सवाष्ण आहेत, त्यांच्याकडे ठेवा. अप्पा म्हणाले, रघू सांगेल तसे. मुंबईत तू विधवांच्या बाजूने भाषण केलेस, ते छापलेले आत्याने मला दोनदा वाचायला लावले होते. त्यामुळे ती अगदी निश्चिंत आहे. उलट टपाली कळव.

लोभ आहे तो जर्मनीत सांडू नकोस.
गोदू

मुंबई, ता. ९ ऑक्टोबर १९३०

चि. गोदूस अनेक आशीर्वाद. बाह्या राहू देत, तिकडे थंडी फार. प्रस्थान केसरवहिनींकडेच ठेवा. ऐन वेळी काकांशी वाद नको. हे मी लिहिले असे आत्याला सांगू नकोस, अप्पांनी ठरवले म्हण. घाईत आहे. बाकी भेटीअंती.

रघू

मुंबई, ता. १९ ऑक्टोबर १९३०

ती. गं. भा. मनूआत्यास, बालक रघूचा शि. सा. न. वि. वि. उद्या बोट सुटते. काल तुझे दार बंद होते. निघणाऱ्याला विधवेचे दर्शन नको म्हणून तू पहाटेपासून कडी लावून बसलीस, असे गोदू म्हणाली. तुझ्या कुंपणापाशी गाडीवानाने थांबू का म्हणून विचारले. माझ्या मांडीवर केसरवहिनींकडचे गाठोडे होते. मी उशीर होतो आहे असे सांगितले. उशीर मुळीच होत नव्हता.

आत्या, केसरवहिनींचे नाव अप्पांनी नव्हे, मी कळवले. काकांची भीडही नव्हती. मला समुद्राची भीती वाटली. बोट बुडाली तर, असे मनात आले आणि त्याबरोबर तुझे कपाळ आठवले. ज्या तोंडाने भाषण केले ते तुला दाखवायची लाज वाटते. उतरून कडी वाजवणेही माझ्याने झाले नाही. मला हवे तसे बोल, पण पत्र लिही.

कृपा मागायला तोंड उरलेले नाही.
रघू

नागाव, ता. २५ ऑक्टोबर १९३०

चि. रघूस मनूआत्याचे अनेक आशीर्वाद. अक्षर गोदूचे, बोलणे माझे. हिला खोटे बोलता येत नाही. अप्पांचे नाव घेताना हिचे कान लाल झाले, तेव्हाच मी ओळखले. फार राग आला. तुझ्या भाषणाचा कागद मी चुलीत घातला.

पण तू खरे लिहिलेस, मग मी का लपवू? जमीन सारवताना सारखे मनात येत होते, वाटेत याला काही झाले तर गाव मला नावे ठेवील. गावाचे राहू दे, मीच मला ठेवीन. केसरचे नाव ऐकले तेव्हा आधी मला हायसे वाटले रे. राग मागाहून आला. मांडीवर वाढवलेल्या पोराला माझी सावली बाधेल असे मलाच वाटले, याची लाज कुणाला सांगू? तू कडी वाजवली असतीस तरी मी काढली नसती.

पोचल्याचे पत्र माझ्या नावाने टाक. ते हाती येईपर्यंत गावातले कोणी प्रवासाला निघाले, की मी आत जाऊन बसते. पत्र आले, की दार उघडे ठेवीन.

माया आहे तशीच आहे.
तुझी आत्या