डाव्या हाताचे गोल

तांडा, ता. मानोरा
२ फेब्रुवारी २०२६

चि. मंजूले जमनामावशीचे पोटभर आशीर्वाद. जय सेवालाल.

हाव माय, याई खेपेले काळेच पेन पाठोले. सहा. निळा एकई नाई. दुकानदार म्हने जेलचा घे, झ्याक चालते. मी म्हटलं, माह्या पोरीच्या सरानं सांगतलं का पेपरच्या दिवशी जे हातात धराचं तेच आतापासून धरा. तू काय पोलीस भरतीचा साहेब हायेस? पेन, पुठ्ठ्याचं पॅड अन् उत्तराचे गोल भराच्या कोऱ्या शीटा, सारं एस.टी.च्या कंडक्टरजवळ देल्लं. एक शीट म्या ठेवून घेतली. तुनं मदनसिंगच्या भेवानं फोन बंद ठेवला, म्हनून माही चवथीपर्यंतची शाळा आता कामी येऊन राह्यली.

वर 'सौ.' लिवलं होतं, खोडून 'चि.' केलं. ज्या नवऱ्यानं उजवा हात मोडला त्याच्या नावाचं सौ. कायले मिरवाचं?

मले निरोप अर्धाच आला. तो खोलीत शिरला कसा, काय केलं, सारं लिव. तुह्या डाव्या हाताले आजपर्यंत एकच काम होतं, तूनं त्याले एकदम सरकारी नोकरीले लावलं. जरा समजावून घेजो त्याले.

तुही मावशी

&nbsp;

वाशिम
६ फेब्रुवारी

ती. मावशीले शि. सा. न. वि. वि.

या खेपेचे पेन भेटले. डाव्या हाताची मस्करी वाचून जैतुनबी, माह्या घरमालकीन, हसून हसून खाली बसल्या.

तू इचारलं म्हनून डाव्या हातानं थोडं थोडं लिवतो. त्या दिवशी खिडकीच्या गजातून मले फकत गठडी दिसली, तुह्या लुगड्याची, तुनंच टाचलेली. वाटलं, पॅड-पेन आले. कडी काढली तं मदनसिंग. केसाले धरून डोकं भिंतीवर आपटलं. ऊसतोडीले मुकादम नवरा-बायकोची जोडीच मांगते, तुह्यापायी मले कोनी कामावर घेत नाई, असं म्हनत लाथा मारत होता. मंग गठडी फाडून पेन पाह्यले अन् शांतपनी इचारलं का गोल कोन्त्या हातानं करतं. माह्या उजव्या बोटाले शाई होती, ती त्याले दिसली. तोच हात चौकटीत धरून त्यानं दार लोटलं. दोनदा. पह्यला आवाज दाराचा होता, दुसरा हाडाचा. जैतुनबीनं वरवंटा हानून त्याचे दोन दात पाडले, तवा सुटली मी. आता तो पोलिसाच्या ताब्यात, आतमंदी हाये.

लेखी २२ तारखेले. डाव्या हातानं गोल कराले गेलं का पेन सरकते, शीट फाटते. पेन्सिल मांगतली तं देवमन सर म्हने, त्या दिवशी खोडता येनार हाये का? आताच चुका. नव्वद मिनिटांत शंभर पाहिजे, माहे एकेचाळीस झाले.

एक समजत नाई. गठडी त्याच्या हाती लागली कशी? लिवजो. मायेचा हात असाच ठेव.

तुही मंजू

&nbsp;

तांडा
११ फेब्रुवारी

चि. मंजूले आशीर्वाद. जैतुनबीले माहा सलाम सांग. दात दोनच पाडले, एवढं चुकलं त्याईचं.

तुही चिठ्ठी वाचली अन् कोयता घेऊन त्याच्या घरी गेली. तो तं आतमंदी, त्याची मोटरसायकल भेटली. टायर कापले, सीट फाडली, टाकीवर धोंडा घातला. त्याची माय बोंबलत आली, तिले म्हटलं का लेकाचा हात घरी राह्यला असन तं तोई आन. घरी येऊन पाह्यलं तं माहाच तळहात चिरला होता.

ठेवलेल्या शीटेवर म्याई डाव्या हातानं शंभर गोल भरले, प्रश्न न वाचता. पोस्टातल्या प्रसेनजितनं मांगच्या भरतीच्या उत्तरासंग तपासले. बावीस बरोबर. फौजदार नाई तं नाई, शिपाई तं होतोच मी.

गोल करत राह्य. बाकीचं मंग.

तुही मावशी

&nbsp;

वाशिम
२३ फेब्रुवारी

ती. मावशीले शि. सा. न. वि. वि.

पेपर झाला. चौऱ्यान्नव गोल भरले. शीट फाटली नाई. तिथं भेटलेला पेन तसाच होता, हात बिचकला नाई.

आता महत्त्वाचं. मदनसिंगनं बयान देल्लं का मी घुसलो नाई, मावशीनंच गठडी देऊन पाठोलं. तपासाच्या मॅडम म्हने, त्यानं गठडी हिसकली असं मावशीनं सांगतलं तं त्याले लवकर जामीन होत नाई. सुटलो का तुहा डावा हात मोडतो, असा निरोप त्यानं पाठोला हाये. ४ तारखेले ठान्यात ये. तुह्या एका शब्दावर हाये सारं. तुह्याशिवाय मले कोन?

तुही मंजू

&nbsp;

तांडा
२७ फेब्रुवारी

मंजू,

येतो ४ तारखेले. तू म्हनशीन तेच सांगीन, पोलिसासमोर, देवासमोर. पन तुह्यासमोर नाई सांगू शकत.

तुहा हात मोडाच्या आधी तो माह्याकडे रडत आला होता. पाय धरले. म्हने, अभ्यासाचं सामान मीच नेऊन देतो, तिचं मन वळन. तेरा वर्षं झाली तुहा काका जाऊन. एकट्या बाईच्या दाराकडे लोकं कसे पाह्यतात, ते मले ठाऊक हाये. मार खानारी का होईना, नवऱ्याजवळ राह्यलेली मले बरी वाटली. तू नापास होऊन त्याच्यासंग जाशीन, असंई एकदा मनात आलं माह्या.

लोभ ठेव म्हनाले तोंड नाई मले.

त्यानं काहीच हिसकलं नाई. गठडी म्याच देल्ली, अन् तुह्या खोलीचा पत्ता त्याच्या तळहातावर म्याच लिवून देल्ला.