कोपऱ्यातलं नाव

पनवेल,
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय अहो,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. कंपनी आणखी दोन वर्षांचा करार करतेय, सही करू का, तुझं काय म्हणणं ते कळव, असं तुम्ही विचारलंय. महिनाअखेरीच्या आत उत्तर हवं, या वाक्याखाली रेघही मारलीय, तीही पट्टी लावून. मस्कतला जाऊनही पेंटरची सवय सुटली नाही म्हणायची. उत्तर देते, पण शेवटी. आधी दुकानाचं ऐका, कारण दुकानाचं लिहिताना माझा हात चालतो आणि बाकीचं लिहायला बसलं की अडतो. बूथवरून फोन केला असता, पण तिथे पाठीमागे चार माणसं उभी असतात आणि मी ‘सगळं ठीक आहे’ एवढंच बोलून परत येते.

सकाळी नऊला शटर उघडते. पारूबाई नेऱ्याहून एसटीने येते आणि आल्या आल्या रॉकेलचा बोळा घेऊन छपाईच्या जाळ्या पुसायला बसते. तोवर मी नंबरप्लेटा उरकते. रेडियम कापताना तुमचं ब्लेड न उचलता फिरायचं, ते मला अजून जमत नाही. ‘क’च्या पोटात एकदा तरी अडखळतंच. बोर्ड मात्र आता बरे जमतात. कळंबोलीला कॉम्प्युटरवर अक्षरं कापायचं मशीन आलंय, सगळे तिकडे धावतायत. आपला टेम्पोवाला बळीरामदादाही गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्याच दारात. म्हणाला, “वयनी, मशीन झटक्यात कापतं, पन सगल्यांच्या गाड्या सारख्याच दिसतान. माजी गाडी लांबून वलखू आली पायजे.” मला इतकं बरं वाटलं की टेम्पोच्या मागे मी त्याला एक मोर काढून दिला. मोर जरा कोंबडीवर गेलाय, पण त्याला आवडला.

आता गोंधळ सांगते. तुम्ही हसाल, मग रागवाल. कामोठ्याच्या रिक्षावाल्या आनंदाने त्यांच्या स्टँडवरच्या रिक्षांसाठी दीडशे स्टिकर सांगितले होते, पुढच्या काचेला आतून चिकटवायचे. मागे सुट्टीवर आलात तेव्हा तुम्हीच शिकवलं होतं, की काचेच्या आतल्या स्टिकरचं सगळं उलट. अक्षरं उलटी छापायची, लाल रंग आधी मारायचा आणि पांढरा सगळ्यात शेवटी. पाठ आहे मला. पण बुधवारी जाळी बांधली, शाई ओतली आणि तेवढ्यात पोस्टमन आला. हात पुसून तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. घडी घालून गल्ल्यात ठेवलं आणि कामाला लागले. आधी पांढरा मारला. दीडशेच्या दीडशे. पारूबाई दोरीवर वाळत घालत होती, तिलाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी लाल चढवला, आणि आनंदाने एक स्टिकर काचेला लावून बाहेरून बघितलं तर लाल अक्षरं पांढऱ्याच्या मागे लपलेली, नुसतं पांढरं फडकं. “वयनी, यावर तं कायच नाय. आमी काय कोरी पाटी घेऊन फिरू?” दोन दिवसांत परत छापून दिले. बिचारा रागावला नाही, उलट चहा पाजून गेला. पारूबाईने मात्र संध्याकाळी जाळी धुताना विचारलं, “पत्रात काय वंगाळ हाय का?” मी नाही म्हटलं.

वंगाळ नव्हतंच. पण त्याच आठवड्यात आणखी एक झालं, आणि ते तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही गेलात तेव्हापासून मी रंगवलेल्या प्रत्येक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पेंटर आपलं नाव टाकतो, तिथे तुमचंच नाव टाकते. लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडाने जे कधी घेतलं नाही ते नाव. गिऱ्हाइकांसाठी करते, असं मी सगळ्यांना सांगते. रूपा आता पहिलीत आहे, दिसेल ते वाचत सुटते. शुक्रवारी लाईन आळीतून येताना एका नव्या कापडाच्या दुकानापाशी ती थांबली, वाकली आणि बोट लावून वाचलं, सु-दा-म. खाली यंदाचं सालही वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, बाबा येऊन गेले? मग आपल्याकडे का नाही आले?” तिचा हात धरून घरी आणलं आणि खरं सांगितलं, की ते मीच लिहिते. तर म्हणते, “मग खोटं कशाला लिहितेस?” तिला काय सांगणार, की दिवसातून एकदा तरी तुमचं नाव माझ्या हातून उमटावं असं वाटतं म्हणून.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या खेपेला तुम्ही असंच विचारलंत तेव्हा ‘चालेल’ म्हणून मीच कळवलं होतं. तेव्हा सासूबाईंचं दुखणं होतं, घराचं छप्पर व्हायचं होतं, कारणं खरी होती. सासूबाई गेल्या, छप्परही झालं. दुकानाची काळजी करू नका, ते मी चालवते आणि पुढेही चालवीन. दुकानासाठी मी तुम्हाला बोलवत नाही. रूपासाठी बोलवते असं लिहिलं तर ते सोपं होईल, तुम्हालाही आणि मलाही, पण तेवढंच खरं नाही. मला तुमच्याशिवाय करमत नाही. चार वर्षं दर पत्रात हे लिहायचं राहिलं, आणि आज हे सगळं लिहिलं ते या एका ओळीसाठी. या वेळी चालणार नाही. सही करू नका, घरी या.

तुमचीच,
शांती