दार नसलेली खोली

३ मार्च, सोमवार

नवं घर आणि नवी नोकरी एकदमच मिळाली, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक बाग आहे. सकाळी त्या बागेतून चालत ऑफिसला निघाले तेव्हा शाळा बुडवून फिरायला निघाल्यासारखं वाटत होतं. आईला मात्र यायचंच नव्हतं. तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. जुन्या घरातली भिंतन् भिंत तिच्या हाताला पाठ होती. तुझ्या पोटापाण्यासाठी मी आंधळी कोशिंबीर खेळायची का, म्हणाली. पण आली.

ऑफिस छोटं आहे. विकायच्या घरांची आम्ही संगणकावर चित्रं करतो, म्हणजे गिऱ्हाइकाला आपल्या जागी बसून खोल्यांमधून फिरता येतं. मोजमापं घेणारे ते फितेकाका. त्या रिकाम्या खोल्यांत सोफे, दिवे, झाडं मांडणारी ती सोफाताई. साहेब नेमकं काय करतात ते अजून कळलेलं नाही. मी मशीन सांभाळायचं.

फितेकाका स्वभावानं लोण्यासारखे. मी रुजू होण्याआधीच, काल, आपणहून आमच्या घरी आले आणि कॅमेरा फिरवून सगळं मोजून गेले. त्या चित्रात मी पलंग, कपाट, टेबल असं सगळं सरकवून पाहिलं आणि आईच्या वाटेत काही येणार नाही अशी मांडणी ठरवली, मग घरातही तशीच केली. खुर्ची तर घरात एकही ठेवली नाही, तिला नेहमी खुर्च्याच आडव्या येतात. आम्ही दोघी पलंगावर बसून जेवलो आणि आई हसली. मला फार बरं वाटलं.

४ मार्च, मंगळवार

मशीनची अवस्था पाहून कपाळाला हात लावला. दणकट मशीन, महागडं ग्राफिक्स कार्ड, आणि आतली सिस्टीम कुठल्या काळातली! कर्नल कित्येक वर्षांत कुणी अपडेटच केलेला नाही. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. तो बदलला की त्याच्याशी जुळणारा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, नव्यानं बिल्ड करावा, म्हणजे मशीनवर बांधून घ्यावा लागतो, नाहीतर पडदा काळाठिक्कर. किचकट काम आहे, पण भुताटकी नाही. आधीच्या माणसानं ते का टाळलं, विचारलं तर सोफाताईनं विषय बदलला.

कोपऱ्यात एक पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. तोही याच मशीनला जोडलेला आणि कायम चालू. त्यावर म्हणे एका रिकाम्या खोलीचं चित्र असतं. चार भिंती, छत, जमीन. ना खिडकी, ना दार. इथली पद्धत अशी की ड्रायव्हर बिल्ड झाला की सगळ्यात आधी ती खोली उघडायची, मग बाकीचं काम. कारण विचारलं तर फितेकाका म्हणाले, पूर्वीपासून तसंच आहे. हे उत्तर मला कधीच पटत नाही. आई म्हणते मी जन्मजात संशयी आहे. असेन.

६ मार्च, गुरुवार

झालं एकदाचं! कर्नल बदलला. ड्रायव्हरनं मात्र रडवलं. बिल्ड अर्ध्यावर अडायचा, मी चूक शोधायची, पुन्हा लावायचा. दुपारी शेवटी पडदा उजळला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तपासायला एखादं खरं, सामानानं भरलेलं चित्र हवं होतं. रिकाम्या भिंती बघून ड्रायव्हरबद्दल काय डोंबल कळणार? आमच्या घराचं हाताशी होतं, तेच उघडलं. सुरेख दिसलं. पलंगावरच्या चादरीच्या सुरकुत्यासुद्धा.

फितेकाकांनी विचारलं, पहिलं काय उघडलं. मी सांगितलं. त्यांनी हातातला चहा न पिताच खाली ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेले. दार लावून बराच वेळ बोलत होते. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

७ मार्च, शुक्रवार

आमच्या घराच्या चित्रात एक खुर्ची आली आहे. सरळ पाठीची, लाकडी. आईच्या पलंगाशी, पलंगाकडे तोंड करून.

हे सोफाताईचंच काम, दुसरं कोण खुर्च्या मांडतं? नव्या माणसाची गंमत करायची सवय असते काही ठिकाणी. काही न बोलता पुसून टाकली. जेवून आले तर परत होती, पलंगाच्या आणखी जवळ. मग मात्र मी सोफाताईला सगळ्यांसमोर झाडलं. ती रडवेली झाली, म्हणाली की चित्रांत मांडायच्या सामानाच्या तिच्या संग्रहात तसली खुर्चीच नाही. रडणं छान जमतं तिला. संग्रह तपासला. खुर्ची खरंच नाही.

१० मार्च, सोमवार

जुना कर्नल मी ठेवलेला होता, इतकी काही मी वेडी नाही. सकाळी त्याच्यावर मशीन सुरू केलं. खुर्ची गायब! म्हणजे दोष नव्या ड्रायव्हरचा. कुठलं तरी भलतंच चित्र मशीनच्या स्मृतीत राहून मध्ये उमटत असणार. मनावरचं ओझं उतरलं. सोफाताईची माफी मागायला हवी, उद्या मागेन.

घरी आले तर आई खुशीत होती. म्हणाली, दुपारी येऊन बसतेस ते फार बरं वाटतं गं, पण दोन शब्द बोलत जा. आणि खुर्ची ओढू नकोस, कर्र आवाज होतो.

दुपारी मी ऑफिसात होते.

११ मार्च, मंगळवार

कुलूप बदललं. जुनी किल्ली मोजमापाच्या दिवशी फितेकाकांच्या हातात दिली होती, ती त्यांनी परत केली खरी, पण नक्कल करायला किती वेळ लागतो? गोड बोलणाऱ्या माणसाचा मी आधी संशय घ्यायला हवा होता. शेजारणीला दारावर नजर ठेवायला सांगितलं. ती दिवसभर तिच्या उंबऱ्यात धान्य निवडत बसली होती. कुणीही आलं नाही म्हणाली.

आई म्हणाली, आज तू माझा हात धरून बसलीस. हात गार होता.

१२ मार्च, बुधवार

कर्नल पुन्हा नवा लावला. मला बघायचंच होतं. आमच्या घराच्या चित्रात खुर्ची परत आलीय, आणि तिच्यावर कुणीतरी बसलंय. पाठमोरं. वेणी माझ्यासारखी.

फितेकाकांना धरलं. किल्लीचा आरोप तोंडावर केला. ते चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. खाली बघत बोलले. ते जे काही आहे, ते मशीनमध्ये त्यांच्याही आधीपासून आहे. ड्रायव्हर नव्यानं बिल्ड झाला की ते सुटं होतं आणि जे चित्र पहिलं उघडेल त्यात जाऊन बसतं. चित्र खऱ्या घराचं असेल तर त्या घरात. म्हणून ती खोली. तिला दार नाही, ती जगात कुठेच नाही. जुना कर्नल लावला तर ते दिसत नाही, पण जात नाही.

हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले, सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का? साहेबांना अपडेट हवं होतं.

मला त्यांचा फार राग आला. पण उपाय तरी कळला. उद्या पुन्हा बिल्ड करायचा आणि आधी ती खोली उघडायची.

१३ मार्च, गुरुवार

आईला शेजारणीकडे बसवणार होते. ऐकलं नाही. तू दुपारी येशील ना, मग मी इथेच बरी, म्हणाली.

बिल्ड लावला. अडला. पुन्हा लावला —

झाला. ती खोली उघडली. खोलीत खुर्ची आली आहे. सुटलो. देवा, सुटलो.

नंतर —

खुर्चीवर कुणी नाही. खुर्चीच्या मागे, भिंतीशी —

आईला फोन केला. लगेच उचलला, एरवी तिला फोन सापडेपर्यंत वेळ लागतो. आवाज तिचाच. म्हणाली, आज सगळं कसं स्वच्छ दिसतंय. बागेतली झाडं मोजत बसले होते खिडकीतून. येऊ का तुझ्याकडे?

मी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर आई आहे. तिची ती विटकी साडी. हे स्थिर चित्र आहे, यात काही हलत नाही, हलूच शकत नाही. ती हलतेय. दोन्ही हातांनी भिंत चाचपत चाललीय. कोपरा आला की वळते. पुन्हा भिंत. दार शोधतेय.

तिचा हात धरून जे बसलं होतं त्यानं तिला इथे ढकललं — आणि ते तिच्या जागी —

मीच केलं हे.

आणखी एकदा बिल्ड लावलाय. या वेळी आमचं घर आधी उघडायचं. आई घरी परत येईल. येईलच. फितेकाका नको म्हणत होते, त्यांना बाहेर ढकललं. अजून अर्धाही झालेला नाही. हात रिकामे ठेवले तर वेड लागेल म्हणून लिहितेय —

आई, भिंत धरून राहा. थांबू नकोस —

बाहेर सोफाताई कुणाशी तरी बोलतेय. तिच्या ओढणीचा हिरवा रंग फार खुलतो म्हणून कुणीतरी कौतुक करतंय. आवाज आईचा —

आत आली. कशालाही न अडखळता. माझ्यामागे उभी आहे. मी वर बघत नाही, लिहितेय. बिल्ड चालू आहे, थोडाच राहिला. ती पडद्याकडे वाकून बघतेय. विचारतेय, ही कोण गं म्हातारी. आता मशीनकडे वळली. हात पुढे केलाय, मशीन बंद करायच्या बटणावर, मी तिचा हात धर—