पूजेतले दोन टेकू

बाबा, परवा मंगळवारी आमच्या घराखालच्या गाळ्याचं शटर कमरेइतक्या उंचीवर अडकलं. आमचे हे टेम्पो घेऊन मनोरला गेले होते आणि मी रोजच्यासारखं शटर खाली ओढत होते. वर पाइपाजवळ नारळ फुटावा तसा आवाज झाला, डावी बाजू वीतभर खाली आली आणि सगळं धूड तिरकं होऊन रुतून बसलं. तुमची मुलगी असल्यामुळे मी हात सोडला आणि मागे सरले, आत नाही, बाहेर. मी शाळेत असताना तुम्ही मला एवढं एकच पुन्हा पुन्हा विचारायचात, "शटर आवाज करतंय, तू काय करशील?" आणि मी पाढा म्हटल्यासारखं उत्तर द्यायची, "हात सोडणार, बाहेर पळणार, तुम्हाला हाक मारणार." यातलं तिसरं आता करता येत नाही.

म्हणून तुमचे दोन टेकू आणले. बाभळीचेच, तेलाने काळे झालेले, एकाच्या बुंध्याला तुमच्या पटाशीची खाच. तुम्ही गेल्यावर दादाने दुकान घेतलं, हत्यारं घेतली, मला म्हणाला तुला काय हवं ते ने. मी हे दोन टेकू आणि स्क्रूने आवळायचे दोन शिकंजे मागून घेतले. तो हसला होता, म्हणाला, "सोन्याची माळ सोडून लाकडं नेते हाय ही." उजवीकडे एक टेकू, डावीकडे एक, मधोमध नाही, कारण मधे लावला तर शटर वाकतं. मग बाजूच्या दोन्ही लोखंडी चॅनलला शटरच्या बरोबर खाली एकेक शिकंजा आवळला, म्हणजे टेकू निसटला तरी शटर त्यावर अडेल. हे सगळं बाहेरून, डोकं किंवा पाय आत न घालता. शेवटी जुनी सुती साडी दोन खुर्च्यांना आडवी बांधली. कुंभवलीच्या रस्त्याला सायकलवरची पोरं कुठूनही घुसतात, त्यांना दोरी दिसत नाही, लाल साडी दिसते. समोरची शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "काकी, मंडप बांधलात का? जेवण हाय तर सांगा, मी भात लावत नाय." मी म्हटलं, "तू आधी पोराला घरात घे."

हे दुपारी आले आणि म्हणाले की दोघांनी जोर लावला तर जाईल वर. पुरुषांना जोर लावण्यावर फार विश्वास. मी म्हटलं, "स्प्रिंग तुटली हाय. घरच्या माणसाने स्प्रिंगला हात लावायचा नाय, ते दादाचं काम." मी चॅनलमधला पावसाळ्याचा गंज खरवडला, जिथपर्यंत हात बाहेरून पोचतो तिथपर्यंत तेलाचा बोळा फिरवला आणि दादाला फोन केला. एवढंच घरी करायचं असतं, बाकीचं थांबायचं असतं. तुम्ही म्हणायचात, शटर कागदासारखं गुंडाळतं म्हणून त्याला कागद समजू नये. दादा फोनवर म्हणाला, "टेकू लावलास ना? बघ हां, बाबांसारखी घाई करू नकोस."

बाबांसारखी घाई. हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं असेल. दादा वाईट मनाने म्हणत नाही. दुकानात नवा माणूस कामाला आला की तो पहिल्या दिवशी तुमची गोष्ट सांगतो, आमचे बाबा बोईसरमधले सगळ्यात जपून काम करणारे शटरचे मिस्त्री, आयुष्यभर सगळ्यांना टेकू लावायला शिकवलं आणि एक दिवस स्वतःच विसरले. मी त्याच्याकडे गेलेली असते तेव्हा तो माझ्याकडे बघून विचारतो, "काय गं, खरं की नाय?" आणि मी मान हलवते. परवा फोनवर मान हलवून भागत नव्हतं. मी "हो" म्हटलं. त्या "हो"मुळेच आज भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं काढून पाठीमागच्या कोऱ्या बाजूला हे लिहायला बसले.

दादा ज्या दिवसाची गोष्ट सांगतो, त्या दिवशी खंडेनवमी होती. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आदल्या वर्षी तिला वर्ष झालेलं नव्हतं म्हणून घरात सण नव्हता, त्यामुळे ही माझ्या हातची पहिली नवमी. दहावी होऊन मी घरीच होते. चाळीतल्या बायका आईच्या पूजेबद्दल अजून बोलायच्या, हत्यारांची पूजा मांडावी तर तुझ्या आईने, म्हणायच्या. मला त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल हेच ऐकायचं होतं. मी सकाळपासून उपाशी. तुमची सगळी हत्यारं घासलेटने धुतली, पुसली, पाटावर लाल कापड घालून मांडली. मोठा पाइप पाना मधे, हातोडे दोन्ही अंगाला, शिकंजे समोर. आणि दोन टेकू पाटाच्या दोन बाजूंना उभे केले, केळीच्या खांबांसारखे, त्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. तुम्ही दारात उभे राहून बघत होतात. "अगो, माझ्या टेकूंना कुणी एवढं सजवलं नाय आजवर," म्हणालात. तुमच्या डोळ्यांत आई आलेली मला दिसली.

दुपार सरते आहे, बायका येऊ लागल्या आहेत, आणि खाली आपल्या गाळ्याचं शटर तिरकं अडकलं आहे. गाळ्यात काही अडलेलं नव्हतं. सण होता, गिऱ्हाईक येणार नव्हतं. पण चाळीतली पोरं त्या अर्ध्या शटरखालून शिवाशिवी खेळत होती, एकाला हाकललं की दुसरं वाकून आत. तुम्ही वर आलात, चपला बाहेर काढल्यात आणि हळूच म्हणालात, "बाय, टेकू नि शिकंजे दे गं. शटर खाली बसवून येतो, पोरं ऐकत नाय."

मी म्हटलं, "आज नाय, बाबा. आज हत्यार उचलायचं नसतं. उद्या पूजा हलली की घ्या."

"सगळी नको. टेकू काय हत्यार हाय? लाकूड हाय ते."

"पूजेत मांडलं की हत्यारच."

"देवी रागावायची नाय गं. पोरांसाठी मागतो."

तेव्हा मी ते बोलले. बायकांसमोर बोलले. "आई असती तर तिच्याकडे मागितले असते का?" कोपऱ्यात बसलेली म्हातारी काकी म्हणाली, "बरोबर बोलते पोर, नेम तो नेम." तुम्ही मागे वळलात. चपला घातल्यात आणि खाली गेलात. आज मला ठाऊक आहे की आईने दिले असते. तिने आधी टेकू काढून दिले असते आणि मग देवीला हात जोडले असते. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं, बाबा. पण माळा सोडल्या असत्या तर पूजा एका बाजूला ओकीबोकी झाली असती आणि अजून निम्म्या बायका यायच्या होत्या. नेमाचं नाव पुढे केलं. मला माझी मांडणी मोडायची नव्हती.

तुम्ही खाली पाण्याचं पत्र्याचं पिंप उलटं घालून त्यावर विटा रचल्यात. पोरांना ओरडून लांब केलंत. मग एका हाताने विटा धरून दुसऱ्याने शटरची रुतलेली पट्टी सोडवत होतात. वर आमची आरती सुरू झाली होती. त्यातच तो आवाज आला. पत्र्याच्या पिंपाचा आधी, मग शटरचा. मी जिन्यातून धावत आले तेव्हा शेजारच्या खोलीतले दोन कामगार शटर उचलून धरत होते, त्यातला एक सारखा सांगत होता, "चाचा, हाथ मत खींचो, पहले उठाने दो." तुम्ही ओरडला नाहीत. शटरच्या पलीकडे कुणाचं पोर आहे का, एवढंच विचारत होतात.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. तुम्ही म्हणालात, "घाई केली. टेकू लावला नाय." मी तिथेच होते, तुमचा डावा हात धरून. संध्याकाळी दादा पाळीवरून थेट आला, त्यालाही तेच. चाळीत, बाजारात, कारखान्यांच्या फाटकांवर जिथे जिथे तुमची शटरं होती, तिथे सगळीकडे तेच. लोक म्हणू लागले, एवढा जाणता मिस्त्री आणि टेकू न लावता खाली गेला, वय झालं. तुम्हाला एकट्याला मोठं काम कुणी दिलं नाही. ज्या गोष्टीसाठी तुमचं नाव होतं, नेमकी तीच तुमच्या नावातून काढून घेतली लोकांनी, आणि मी गप्प राहिले. म्हातारी काकी आणि बाकीच्या बायका जाणून होत्या, पण नेमाची बाजू त्यांनीही घेतली होती, त्याही गप्प राहिल्या.

उजव्या हाताची तीन बोटं नंतर कधी वळली नाहीत. पाना धरवत नव्हता ते तुम्ही सोसलंत, दादाला तोंडाने सांगून शिकवलंत. पण एका सकाळी मी बघितलं, तुम्ही देवापुढे जास्वंद वाहत होतात आणि ते बोटांतून दोनदा निसटून पडलं. डाव्या हाताने कसं वाहायचं म्हणून तुम्ही माझ्याकडे वळलात, "तूच वाहा गं, माझ्या नावाने." मी लग्न होईपर्यंत रोज वाहिलं. अजूनही एक फूल तुमच्या नावाचं वेगळं असतं. पण त्याने मला हलकं कधी वाटलं नाही, कारण ते वाहताना देवी माझ्याकडे बघत असते.

काल दादा आला. वर चढण्याआधी खालून टेकू हलवून बघितले, शिकंजे बघितले. स्वतः बाजूला उभा राहून, लांब पाइपाने थोडी थोडी करत स्प्रिंगची ओढ सोडवली, नवी घातली, दोन वाकड्या पट्ट्या बदलल्या. शटर आता एका बोटाने वर जातं. हात धुऊन चहाला बसला आणि टेकूकडे बघत म्हणाला, "बायो, तू लावलेस तसे माझी माणसं पण लावत नाय. बाबांनी त्या दिवशी एवढं जरी केलं असतं."

मी म्हटलं, "दादा, बाबा विसरले नव्हते."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे?"

हे आत कपडे बदलत होते. समोरची शेजारीण खाली बांधलेली साडी सोडून ती द्यायला जिन्यात आली होती. बोलायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "काय नाय. चहा गार होतो हाय, घे." त्याने कप परत उचलला. मग विचारलं, "तू नवमीला सगळी हत्यारं मांडतेस, विळी-कोयता, भावोजींचे पाने, सगळं. टेकू का नाय मांडत?" मी म्हटलं पाटावर जागा नसते. खरं म्हणजे मी त्या दोघांना जागेवरच, जिन्याखाली, एकेक फूल वाहते आणि हात लांबवला तर लगेच घेता येतील असे ठेवते.

हे पत्र दादाला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उलट विचारणार नाही, आणि बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. आठ दिवसांवर नवमी आली आहे. दादा जेवायला येणार आहे, पूजेसमोर त्याला ही पानं द्यायची असं मनात आहे. असं मी याआधीही ठरवलेलं आहे, म्हणून तुम्हाला वचन देत नाही. सध्या घडी घालून शिकंज्यांच्या डब्यात ठेवते.

एक मात्र तुम्हालाही ठाऊक नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर तुम्ही उशीला टेकून म्हणालात, "मी खालून परत हाक मारलेली गं. विटा हलत होत्या, म्हटलं एक तरी टेकू दे. आरती चालू होती, तुला ऐकू नसेल आलं." मी म्हटलं, "नाय आलं, बाबा." तुम्ही डावा हात माझ्या डोक्यावरून फिरवलात आणि म्हणालात, "मग तुझी काय चूक."

ऐकू आलं होतं, बाबा. माझ्या हातात घंटा होती, ती मी जोरात वाजवली.