घंटेच्या जागी मालिका

भिसेगाव, गुरुवार संध्याकाळ

टण्, टण्, टण्... शाळेची ती पितळी घंटा अजून कानात घुमते. नासीरच्या केबल वाहिनीवर रोज सातला तीच वाजायची, मग मी शाळेतल्या कविता म्हणायचो.

आता वाहिनी मुंबईच्या बड्या नेटवर्कला जोडली गेली. घंटेच्या जागी मालिका! नासीर म्हणतो, "गुर्जी, वरून येईल तेच दाखवायचं. आमच्या हातात काय नाय."

माझ्या हातात आहे ना! त्याची डिश माझ्याच गच्चीवर. आज मालिका रंगात येताच वायर उपटली. भोगा म्हणावं!

दार वाजलं. नासीरच असणार, म्हणून वायर हातात घेऊनच उघडलं. समोर त्याची अम्मी, माझी एकही कविता न चुकवणारी.

"गुर्जी, ऐन रंगात बंद पडली वो! तुमच्याकडं दिसतेय का?"