सवतीच्या नावाचा रुपया

उस्मानपुरा, औरंगाबाद

तीर्थरूप त्रिंबकदादास, धाकट्या सुगंधाचा दंडवत.

देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून येणारा तू, हे पत्र तरी आपलंच समजून वाच. मी सांगतेय, नात कालिंदी लिहितेय.

इथं सगळं बरं हाय. लेकाला चिकलठाण्याच्या कारखान्यात काम लागलं. नामांतराच्या दंगलीपायी कालिंदीचं कॉलेज बंद, म्हणून ती नावं कोरलेल्या जुन्या रुपयांची माहिती काढत फिरते.

तिनं माझ्या गळ्यातला राजाबाईच्या नावाचा रुपया पाहिला. मालकांची पहिली बायको मेली, तिचं नाव गळ्यात बांधलं की ती छळत नाय, असं सांगून तूच तो लग्नात मला घातलास. पोर तो कोरणाऱ्या सोनाराला शोधत सिल्लोडला गेली. म्हातारा म्हणाला, “राजाबाई? मागच्या गल्लीत राहते की!”

दादा, नवऱ्यानं टाकलेली बाई तुम्ही जितेपणी मारलीत. मी जन्मभर तिला नैवेद्य दाखवला. ती तिकडं लोकांची धुणी धूत होती. “तुझी आजी सुखात हाय ना?” एवढंच तिनं पोरीला विचारलं.

मालक मरून सुटले. जबाब तुलाच द्यायचाय.

वहिनीचे गुडघे कसे हायत? तिला शेवया करायला सांग. माझा डबा एस.टी.नं धाड. राजाबाईचा मात्र सिल्लोडला तू स्वतः नेऊन दे, आणि तू कोण ते तिला सांग.